ट्रकचा पॉवर स्टिअरिंग पंप गळतोय, घरीच बदलू का?

सारथी०७ | ९ एप्रिल, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात राहतो. सहाचाकी ट्रक आहे, ११ वर्षांचा, स्वतःच चालवतो. एरवी चिऱ्याची भाडी आणि सध्या आंब्याच्या पेट्या घेऊन वाशी. गेल्या पंधरवड्यापासून पॉवर स्टिअरिंगच्या डब्यातलं ऑइल उतरतंय. वाशीची एक फेरी झाली की अर्धा लिटर तरी ओतावं लागतं. पंपाची खालची बाजू कायम ओली असते, त्यावर लाल धूळ बसून नुसता चिखल झालाय. सकाळी थंड इंजिनवर स्टिअरिंग फिरवलं की घुर्रर्र करतं, गरम झालं की आवाज कमी होतो.

गॅरेजवाल्याने खालून टॉर्च मारली आणि म्हणाला, "पंप गेला. नवा टाकू. गाडी तीन दिवस सोडा." ऐन सीझनात तीन दिवस गाडी उभी ठेवणं मला जमणारं नाही. बागायतदारांना शब्द दिलाय आणि उतरवलेला आंबा कुणासाठी थांबत नाही.

क्लच प्लेट, ब्रेक लायनर, हब ग्रीसिंग ही कामं मी अंगणात करतो. पंपाला मात्र आजवर हात लावलेला नाही. कुणी स्वतः बदललाय का? एका दिवसात होतो का? नवा घ्यावा की सील किटवर भागेल?

घाटमाथा | ९ एप्रिल, १०.३२

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. गाडीतल्या दोन गोष्टी अंगणात करू नयेत. एक ब्रेक, दुसरी स्टिअरिंग. मी गगनबावड्याला राहतो. करूळ घाटात वळण न बसलेल्या गाड्या दरीच्या कठड्याला टेकलेल्या दर पावसाळ्यात बघतो. तीन दिवसांचं भाडं बुडेल, पण ते परत मिळवता येतं.

रापणकार | ९ एप्रिल, १०.४०

तेल खय जाता ता आधी बघ. मगे पान्याक हात लाव.

फिटरकाका | ९ एप्रिल, ११.२०

रापणकारांनी एका ओळीत सांगितलंय तेच मी जरा पसरून सांगतो. ३१ वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली बरीचशी गाडीच्या खाली झोपून.

ओलं पंपाखाली दिसतं म्हणून गळती पंपाचीच, असं होत नाही. ऑइल वरून ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टवर थेंब धरतं. चालत्या गाडीत पंख्याचा वारा ते आणखी मागे उडवतो. डब्याचा खालचा पाइप, प्रेशर होजचं क्रिंपिंग (टोकाला दाबून बसवलेला जोड), बँजो बोल्टखालचे (पाइप पंपाला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर, पंपाचं पुढचं ऑइल सील, पंपाच्या बॉडीची ओ रिंग, स्टिअरिंग बॉक्सचं (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारी पेटी) वरचं सील आणि ड्रॉप आर्मजवळचं (बॉक्समधून खाली येणारा दांडा) खालचं सील, यातलं काहीही असू शकतं. तेव्हा आधी शोध घ्या.

सगळा भाग डिझेलने ब्रश मारून धुवा, हवा मारून कोरडा करा. मग डबा, पाइप, पंप, बॉक्स सगळ्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. गाडी स्लोवर (चालू, पण रेस न देता) ठेवून माणसाला केबिनमध्ये बसवा, स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे पाचसहा वेळा पूर्ण फिरवायला सांगा. टोकाला नेल्यावर पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही, तिथे रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल भराभर तापतं. तुम्ही टॉर्च घेऊन बघत राहा. जिथून गळतं तिथे पांढऱ्या पावडरीत पहिली काळी रेघ उमटेल.

आता दोन प्रश्न. पंप बेल्टवर आहे की गिअरवर? आणि इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी काठी शेवटची कधी बघितलीत?

नवा_पाना | ९ एप्रिल, ११.३१

काका, स्टिअरिंगच्या गळतीत इंजिन ऑइलची काठी कशाला?

फिटरकाका | १० एप्रिल, सकाळी ६.५०

चांगलं विचारलंत. बऱ्याच ट्रकमध्ये पंपाला बेल्ट नसतो. तो टायमिंग गिअरवर किंवा एअर कॉम्प्रेसरच्या मागच्या तोंडावर बसवलेला असतो आणि कपलिंगने फिरतो. अशा पंपाचं शाफ्ट सील गेलं की ऑइल बाहेर एक थेंब पडत नाही. सरळ इंजिनात उतरतं. डबा रिकामा होत जातो आणि इंजिन ऑइल काठीवर वर चढत जातं. माणूस गाडीखाली पुठ्ठा टाकून थेंब शोधत बसतो.

हे नुसतं पैशाचं नुकसान नाही. स्टिअरिंगचं ऑइल पातळ असतं. ते मिसळलं की इंजिन ऑइलचा जाडपणा जातो, आणि क्रँकच्या बेअरिंगना तोच जाडपणा वाचवत असतो.

हर्णेची_मी | १० एप्रिल, ९.०५

गळती शोधताना हात लावू नका, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या ओळखीत एका ट्रॉलरवरच्या खलाशाने जाळं ओढायच्या विंचच्या हायड्रॉलिक पाइपवरून बोट फिरवलं होतं, फुटलाय कुठे ते बघायला. पाइपला टाचणीएवढं भोक. बोटावर टोचल्यासारखा एक ठिपका, रक्त पण नाही. तो हसत होता. रात्री हात कोपरापर्यंत सुजला. डॉक्टरांनी ऑपरेशन करून आत गेलेलं ऑइल साफ केलं, तरी ते बोट आज वाकत नाही. एवढ्या दाबाचं ऑइल कातडीतून आत जातं आणि मांसात पसरतं. बाहेरून जखम दिसत नाही म्हणून थांबायचं नाही, त्याच तासाला दवाखाना गाठायचा आणि काय झालं ते नीट सांगायचं. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

फिटरकाका | १० एप्रिल, ९.२०

ताई, फार बरं केलंत. मी लिहायला हवं होतं. ट्रकच्या टायरमध्ये ११०-१२० पीएसआय हवा असते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर प्रेशर पाइपमध्ये दीड हजार पीएसआयच्याही वर दाब जातो. टायर फुटला तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

वाशिष्ठीकाठ | १० एप्रिल, ११.४५

मी बदललाय, पण पिकअपचा, बेल्टवरचा. अनुभव लिहितो.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात माझी पिकअप टपापर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, क्राउन, सगळ्यांची ऑइलं बदलली. पॉवर स्टिअरिंगचा डबा उघडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दोन महिन्यांनी झाकण काढलं तर आत स्ट्रॉबेरी मिल्कशेक! पाणी मिसळलं की लाल ऑइलचं तेच होतं. तीन वेळा फ्लश केलं. पण आत गंज चढलेला होता, वर्षभरात शाफ्टवर चरे पडले आणि सील गळायला लागलं.

नुसतं सील आधी बदलून बघितलं. १५ दिवस टिकलं. सीलची कड शाफ्टवर जिथे घासते तिथे नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवं सील टाकून उपयोग नाही. शाफ्ट गुळगुळीत असेल तरच सील किट. हा माझा सगळ्यात महागात शिकलेला धडा.

दुसरं, पुली. माझ्या मदतनीसाने ती हातोडीने ठोकून काढायचा प्रयत्न केला. शाफ्ट आत सरकला आणि जुना पंप होता नव्हता तेवढा संपला. प्रेसफिट पुलीला पुलरच लागतो. चढवताना पण ठोकायचं नाही, बोल्टने ओढून घ्यायची. बेल्ट नंतर मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण १० मिमी दबेल इतका ताणा. जास्त ताणला तर पंपाचं बेअरिंग जातं.

वेळ किती लागला विचाराल तर, काढायला तासभर, बसवायला तासभर, आणि एअर, म्हणजे पाइपांत अडकलेली हवा, काढायला अख्खी संध्याकाळ.

कातळसडा | १० एप्रिल, दुपारी १.१०

जॅकबद्दल लिहा कुणीतरी. आमच्याकडे लोक गाडी जॅकवर चढवतात आणि खाली चिरे रचून आत घुसतात. चिरा खाणीतून काढणारा माणूस म्हणून सांगतो, भिंतीत चिरा शंभर वर्षं राहतो कारण भार सगळीकडून सारखा येतो. एक्सलचा भार एका टोकावर आला की आधी काही सांगत नाही, एकदम दुभंगतो. लोखंडी घोडी (जॅक स्टँड) नाहीतर सागाचे जाड ठोकळे, याशिवाय गाडीखाली डोकं घालू नका.

सारथी०७ | १० एप्रिल, दुपारी २.३०

कातळसडा, मी आजवर चिऱ्यावरच करत होतो. आज संध्याकाळी मामाकडून घोड्या आणतो.

काका, पंप कॉम्प्रेसरच्या मागे आहे, बेल्ट नाही. काठी बघितली आणि पोटात गोळा आला. वरच्या खुणेच्या दोन बोटं वर ऑइल आहे. मी गेल्या महिनाभरात इंजिन ऑइल ओतलेलंच नाही. उलट "या वेळी गाडी ऑइल पीत नाही" म्हणून खूश होतो. वास घेतला, नेहमीचा नाही. बोटावर पाण्यासारखं पातळ.

धुऊन पावडर पण मारली. पहिली रेघ पंपाच्या वर, प्रेशर पाइपच्या बँजो बोल्टपाशी. खाली जे ओलं दिसतं ते सगळं तिथून येतंय. मग काढू काय?

फिटरकाका | १० एप्रिल, ३.१५

म्हणजे तुमच्या गाडीत दोन गळत्या आहेत. जी दिसते ती किरकोळ, दोन वॉशरची. जी दिसत नाही ती पंपाची. गॅरेजवाल्याचं उत्तर बरोबर होतं, पण ज्या ओलीकडे बोट दाखवलं ती वेगळी. नुसते वॉशर बदलून "थांबली गळती" म्हणत फेऱ्या मारल्या असत्यात तर सीझनच्या शेवटी इंजिन उतरवावं लागलं असतं.

आता गाडी चालवू नका. आधी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायचंच आहे हे धरून चाला.

पंप काढणं अवघड नाही. हा डिझेल पंप नव्हे, याला टायमिंग नसतं. दोन फ्लँज बोल्ट (पंपाची कड आवळणारे), एक सक्शन पाइप (डब्यातून ऑइल ओढणारा), एक प्रेशर पाइप (दाबाने बॉक्सकडे नेणारा). पण क्रम पाळा:

केबिन कलंडवलीत की टेकू लावून लॉक बघा. बॅटरीची वायर काढा. चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडण) लावा. डब्यातलं ऑइल पिचकारीने उपसून घ्या. पाइप सोडायच्या आधी पुन्हा एकदा धुवा, कारण मातीचा एक कण पंपात गेला तर पात्यांना ओरखडा पडतो. पाइप सुटले की तोंडाला लगेच स्वच्छ प्लास्टिक बांधा. कापूस किंवा कॉटन वेस्ट कोंबू नका, धागे आत राहतात.

पंप सरळ मागे ओढा. मध्ये कपलिंगचा तुकडा असतो, तो कधी पंपाबरोबर येतो, कधी कॉम्प्रेसरमध्ये राहतो, आणि कधी घसरून खाली पडतो. हात खाली धरूनच ओढा. फ्लँजवरचं जुनं पॅकिंग खरवडताना भोकात फडकं ठेवा आणि आठवणीने काढा. कपलिंगच्या कडा झिजल्या असतील तर तेही नवं घ्या.

नवा_पाना | १० एप्रिल, ४.००

भंगारात तसाच पंप निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. घ्यायला हरकत काय?

वाशिष्ठीकाठ | १० एप्रिल, ४.२०

तसाच दिसतो, तसाच असतो असं नाही. पंपावर पत्र्याची पट्टी असते, ती वाचा. फिरायची दिशा (बाण असतो), मिनिटाला किती लिटर, आणि किती बार. दिशा उलटी असेल तर पंप ऑइल ओढणारच नाही. लिटर कमी असतील तर स्लोवर स्टिअरिंग जड राहील. बार जास्त असेल तर पाइप आणि बॉक्सच्या सीलवर जोर येईल. तिन्ही जुळले तरी भंगारातल्या पंपाच्या शाफ्टची खाच तुम्हाला बाहेरून दिसणार नाही.

घाटमाथा | १० एप्रिल, ६.४५

माझं मत बदललेलं नाही, पण एक विचारतो. पंप बंद पडला तरी स्टिअरिंग वळतं, बरोबर? मग लोक एवढे घाबरतात का?

फिटरकाका | १० एप्रिल, ७.३०

वळतं. बॉक्सच्या आतला स्क्रू आणि नट लोखंडीच आहे, ऑइल फक्त मदत करतं. पण भरलेल्या सहाचाकीचा पुढचा एक्सल हाताने वळवायला दोन्ही खांद्यांचा जोर लागतो. सपाटीवर निभावतं. घाटातल्या आखूड वळणात तेवढा वेळच नसतो.

यावरून अवांतर पण महत्त्वाचं. काही जण डिझेल वाचवायला घाट उतरताना न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, स्टिअरिंग दगड. एअर कॉम्प्रेसरही बंद, म्हणजे ब्रेक मारत जाल तशी टाकीतली हवा संपत जाणार. इंजिनचा ब्रेक तर आधीच गेलेला. एका बटणात तीन आधार काढून घेतले. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

घाटमाथा | १० एप्रिल, ७.४२

काका, या एका प्रतिसादासाठी धागा वर ठेवायला हवा. मी रोज बघतो हे.

रापणकार | १० एप्रिल, ८.१०

कोकण रेल्वेच्या रो-रोवर ट्रक चढवलो काय घाट पण नाय नि स्टिअरिंग पण नाय. कोलाडाक चढायचा, वेर्ण्याक उतरायचा, मधी डायवरान निजायचा.

सारथी०७ | १० एप्रिल, ८.२५

रापणकार, देवगडच्या आंब्याला वेर्णे म्हणजे उलट्या दिशेची वाट :)

बावकाठ | ११ एप्रिल, सकाळी ७.२०

सारथी, ते इंजिनचं जुनं ऑइल टाकून देऊ नका. कुंपणाच्या खांबांना आणि गोठ्याच्या वाशांना लावायला हवंय, वाळवी लागत नाही. मी नेईन.

हर्णेची_मी | ११ एप्रिल, ८.००

जळकं ऑइल मातीत गाडायच्या खांबाला लावू नका हो. आपल्या जांभ्यातून पाणी किती लवकर झिरपतं ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या दोन पावसांत ते विहिरीकडे निघतं. आमच्या वाडीत एकाने गॅरेजचं ऑइल व्हाळात ओतलं होतं, पुढचा अख्खा महिना खालच्या बावीच्या पाण्यावर तवंग होता. कॅनमध्ये भरून जुनं ऑइल विकत घेणाऱ्याला द्या, पैसेही मिळतात.

बावकाठ | ११ एप्रिल, ८.१५

वाशांना तरी चालेल ना? ते जमिनीपासून वर आहेत. खांबांचं पटलं, माझीच विहीर दहा पावलांवर आहे.

सारथी०७ | ११ एप्रिल, रात्री १०.५०

आज काम झालं, पण पूर्ण नाही. सविस्तर लिहितो.

सकाळी सातला सुरुवात केली. धाकटा भाऊ मदतीला. नवा पंप काल कणकवलीतून आणला, पट्टीवरची दिशा, लिटर, बार तिन्ही दुकानातच जुन्या फोटोशी ताडून घेतलं. बिल ठेवलंय.

बँजो बोल्ट सहज सुटला, पण खालचा फ्लँज बोल्ट खाऱ्या हवेने असा धरला होता की रिंग पाना वाकेल असं वाटलं. गंजाचा स्प्रे मारून अर्धा तास थांबलो, हळू मागेपुढे करत सोडला. कपलिंग काकांनी सांगितलं तसं घसरलंच, भावाच्या तळहातावर पडलं. हात नसता तर आज मी हे लिहीत नसतो, शोधत असतो.

जुना पंप बाकावर ठेवून शाफ्टवर नख फिरवलं. अडकलं. सीलच्या कडेची खाच अगदी गोल, लेथवर मारल्यासारखी, आणि सीलची कड कडक होऊन चिरलेली. सील किट घेतलं असतं तर वाशिष्ठीकाठ म्हणतात तेच झालं असतं. डब्यातला फिल्टर काढला, तळाला चांदीच्या पावडरीसारखा थर. नवा फिल्टर टाकला. रिटर्न पाइप बादलीत सोडून जुनं ऑइल काळं येतंय तोपर्यंत नवं ओतून फ्लश केलं. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेलंच. वॉशर सगळे नवे. इंजिन ऑइल आणि फिल्टर पण बदललं. जुनं ऑइल मोजलं तर भरतीपेक्षा जवळजवळ दोन लिटर जास्त निघालं.

आता अडचण. गाडी चालू केली, गळती कुठेच नाही. पण घुर्रर्र आवाज आधीपेक्षा मोठा, आणि डब्यात फेस. साबणाच्या पाण्यासारखा. स्टिअरिंग मध्येच हलकं, मध्येच जड. पंपच खराब आला का?

वाशिष्ठीकाठ | ११ एप्रिल, १०.५८

पंप बदलायची घाई करू नका. एअर आहे. इंजिन बंद करताच डब्यातली पातळी वर येते का बघा. येत असेल तर आत हवा आहे, दाब गेला की ती फुगते आणि ऑइल वर ढकलते.

फिटरकाका | ११ एप्रिल, ११.१०

एअर इंजिन बंद ठेवून काढली की चालू करून?

सारथी०७ | ११ एप्रिल, ११.१४

चालू करून. पातळी येते वर, बोटभर.

फिटरकाका | ११ एप्रिल, ११.३०

तिथेच चुकलं, पण बिघडलं नाही. आता इंजिन बंद करा आणि झोपा. रात्रभर फेस बसू दे.

सकाळी पुढचा एक्सल घोड्यांवर, चाकं अधांतरी. डबा वरच्या खुणेपर्यंत भरा. इंजिन बंद ठेवून भावाला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा, किमान वीस वेळा. तुम्ही डब्यापाशी उभे राहा. पातळी उतरेल तसं ओता, एकदाही तळ दिसता कामा नये. बुडबुडे थांबले की मगच इंजिन स्लोवर. पुन्हा दहा वेळा. रेस करायची नाही.

एवढं करूनही फेस राहिला तर सक्शन पाइप बघा, डब्यापासून पंपापर्यंतचा जाड रबरी. तिथे दाब नसतो, उलट पंप ओढत असतो. त्यामुळे तिथली भेग ऑइल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. कोरडा दिसतो म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. तुमचा पाइप जुनाच बसवला असेल, हो ना?

सारथी०७ | १२ एप्रिल, सकाळी ६.०५

पाइप जुनाच. क्लिपही जुनीच, गंजलेली. आता उजाडलंय, बघतो.

सारथी०७ | १२ एप्रिल, ११.४०

सापडलं. इंजिन बंद ठेवून वीसऐवजी तीस वेळा फिरवलं, बुडबुडे थांबले. चालू केलं तर पाच मिनिटांत फेस परत. सक्शन पाइप काढून टोकाला वाकवला. पंपाकडच्या टोकाला, बरोबर क्लिपच्या खाली, केसाएवढी चीर. सरळ धरला की मिटते, वाकवला की उघडते. रबर इतकं कडक झालं होतं की क्लिप घट्ट केली तरी ते नळीला धरत नव्हतं.

आमच्या बाजारात ऑइलसाठीचा पाइप त्या मापात नव्हता. पाण्याचा रबरी पाइप टाकू का विचारलं, दुकानदारानेच हात जोडून नाही म्हटलं. नांदगाव तिठ्यावर मिळाला. दोन क्लिपा स्टीलच्या घेतल्या. पुन्हा सगळी एअर काढली. आता डब्यात ऑइल लाल आणि स्वच्छ, झाकण उघडलं की तळाची जाळी दिसते. आवाज गेला. एका बोटाने स्टिअरिंग फिरतंय.

नवा_पाना | १२ एप्रिल, ११.५५

म्हणजे सुरुवातीचा तो घुर्रर्र आवाज पंपाचा नव्हताच?

फिटरकाका | १२ एप्रिल, दुपारी १२.३०

थोडा पंपाचा, बराचसा हवेचा. थंडीत रबर आक्रसतं तेव्हा चीर मोठी, गरम झालं की मिटते. "गरम झालं की आवाज कमी होतो" असं त्यांनी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

पाइप दुकानदाराचं कौतुक करा. पाण्याच्या पाइपचं रबर ऑइलने फुगतं आणि आतून सोलवटून पंपात जातं. तीच गोष्ट ब्रेक ऑइलची. डब्यात ऑइल कमी दिसलं म्हणून कुणी ब्रेक ऑइल ओतलं तर पंपापासून बॉक्सपर्यंत सगळी सीलं फुगून जातील.

घाटमाथा | १२ एप्रिल, १.१५

अभिनंदन. तरी माझी एक विनंती. पेट्या भरून सरळ हायवेला लागू नका. आधी रिकामी गाडी जवळच्या चढावर दोन वेळा नेऊन आणा, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, थांबून प्रत्येक जोड बघा. मग अर्धा भार, मग पूर्ण.

आणि काकांना प्रश्न, पंप घरी होतो हे मान्य करतो. बॉक्सचं काय?

फिटरकाका | १२ एप्रिल, २.००

बॉक्स घरी नाही. तिथे तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात ते शंभर टक्के खरं. पंप बिघडला तर स्टिअरिंग जड होतं. बॉक्स चुकीचा बांधला तर स्टिअरिंग आणि चाक यांचा संबंधच तुटू शकतो. आतल्या बॉलची बसणी, प्रीलोड (आवळणीचा नेमका ताण), ड्रॉप आर्मच्या खुणा, त्याला टेस्ट बेंच लागतो. तिथे तीन दिवस लागले तर तीन दिवस द्यायचे.

सारथी०७ | १२ एप्रिल, २.२०

घाटमाथा, तुमचं ऐकतो. आज संध्याकाळी रिकामी गाडी तळेऱ्यापर्यंत नेऊन आणतो. उद्या फक्त ६० पेट्या कणकवलीपर्यंत. वाशी परवा.

रापणकार | १५ एप्रिल, रात्री ९.३०

आंबे पोचले मा?

सारथी०७ | १६ एप्रिल, पहाटे ५.१०

पोचले, सगळ्या पेट्या सुखरूप. परतीच्या वाटेवर हातखंब्याला चहाला थांबलोय. टॉर्च लावून डबा बघितला, निघताना मार्करने मारलेल्या रेघेवरच ऑइल आहे. इंजिनची काठी पण बघितली, दोन खुणांच्या मध्ये. बँजोखाली पुसलेला पांढरा कागद बांधून ठेवला होता, तो अजून कोरडा आहे. घरी पोचलो की बावकाठांसाठी वाशांपुरतं ऑइल काढून ठेवतो, बाकीचा कॅन विकणार.